दर लाखी पाचशे चव्वेचाळीस

"सत्तावन्न नंबरच्या घरात पाच माणसं?" मी विचारलं.

"पाच," ग्रामसेवक रेडेकर म्हणाले आणि बशीतला चहा फुंकायला लागले.

"पाच वर्षांत?"

"चार. पहिल्या वर्षी त्या घरात कुणी गेलं नाही."

"आणि पाचांची आडनावं पाच?"

"माणसं वेगळी, म्हणून आडनावं वेगळी."

"घर कुणाचं आहे?"

"तानाजी देसायांचं. मुंबईला असतात, डिलाईल रोडला. घराला कुलूप असतंय."

"कुलूपबंद घरात पाच माणसं कॅन्सरनं मेली?"

रेडेकरांनी बशी खाली ठेवली, मिशी पुसली आणि मृत्यूनोंदीचं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "बघा की. ठिकाण, घर क्रमांक, वेळ, सगळं आहे. एक अक्षर खोटं सापडलं तर राजीनामा देतो."

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलच्या कॅन्सर नोंदणी विभागात लागून मला आठ महिने झाले होते. काम सरळ होतं. गावोगावच्या मृत्यूनोंदी मिळवायच्या, त्यातले कॅन्सरचे मृत्यू वेगळे काढायचे, लोकसंख्येनं भागायचे आणि आलेला दर देशाच्या दराशेजारी मांडायचा. देशात तेव्हा वर्षाला लाखामागे साठच्या आसपास माणसं कॅन्सरनं जात होती. घाटाकडच्या आमच्या बहुतेक गावांचा दर त्याच्या बराच खाली होता. आमचे साहेब म्हणायचे, तिकडची हवा चांगली.

आणि मग आंबोळे. लोकसंख्या अकराशे चाळीस. पाच वर्षांत कॅन्सरचे मृत्यू एकतीस. म्हणजे वर्षाला दर लाखी पाचशे चव्वेचाळीस, देशाच्या नऊ पट. वर्षावार मांडले तर दोन, चार, सहा, आठ, अकरा. इतकी सुबक चढण मी पाठ्यपुस्तकातसुद्धा पाहिली नव्हती. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. मी आलेख काढला आणि चढण जिथे सुरू होते तिथे एक लाल बाण काढून लिहिलं: काजू युनिट सुरू.

तो आलेख साहेबांनी आरोग्य खात्याकडे पाठवला. तिथून युनिटला नोटीस गेली. सोमवारी सुनावणी, मृत्यूंचं दुसरं काही कारण पुढे आलं नाही तर खबरदारी म्हणून युनिट बंद. काजूच्या टरफलांचा धूर छातीत जातो, असं नोटिशीत होतं. ते माझंच वाक्य होतं. युनिटमध्ये बत्तीस बायका कामाला होत्या, आणि त्यांना गावात दुसरं काम नव्हतं.

मी आले ती शुक्रवारी सकाळच्या एसटीनं. पाण्याचे नमुने घ्यायचे आणि पत्ते तपासायचे, म्हणजे सोमवारी बाण भक्कम उभा राहील, एवढाच माझा विचार होता.

झरे दाखवायला रेडेकरांनी माझ्याबरोबर शालनला दिलं. ती युनिटमध्येच काजू सोलायची. तिशीतली, काटक, तिची बोटं टरफलाच्या तेलानं काळी पडलेली.

"आकडेबाई तुमीच काय?" तिनं पहिल्यांदा हेच विचारलं.

"मी पद्मजा चौगुले."

"तेच. तुमच्या बाणानं आमचं युनिट बंद पडतंय म्हणं. केवढा हाय ओ बाण?"

"दोन सेंटिमीटर," मी म्हणाले. खरंच तेवढा होता.

शालन जी हसायला लागली ती पहिल्या झऱ्यापर्यंत हसतच राहिली. मग मी बाटल्या धुऊन, खूणचिठ्ठ्या लावून भरत असताना कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. "हे पानी कोल्लापूरला न्यायचं? हितंच पिऊन बगा की. मेलासा तर कळंलच."

"तसं कळत नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही."

"मग बाटल्या आमीच उचलायच्या का? काम आमचं जाणार, आनि हमाली पन आमचीच?"

पण तिनं त्या उचलल्या. तीन झरे झाले. परत येताना देसायांच्या गल्लीत मी थांबले. सत्तावन्न नंबरच्या दाराला कुलूप होतं. कडीला गंज नव्हता, आणि मागच्या परसातून निळसर धूर वर चढत होता.

"बंद घराच्या मागनं धूर येतोय," मी म्हणाले.

शालननं वर बघितलं, मग माझ्याकडे. "मांजर पानी तापवत आसंल," ती म्हणाली आणि बाटल्या घेऊन पुढे चालायला लागली.

दुपारी ग्रामपंचायतीच्या पडवीत मी रजिस्टर घेऊन बसले. घरक्रमांक लिहून काढले: सत्तावन्न, एक्केचाळीस, ऐंशी, बारा. सगळी कुलूपबंद घरं, मालक सगळे मुंबईत. जमिनीतून काही येतंय म्हणावं, तर ही घरं गावाच्या चार टोकांना. धुराचं म्हणावं, तर युनिटला चिकटून असलेल्या वाडीत पाच वर्षांत एकच मृत्यू. माझा बाण हलायला लागला होता. शेवटी, दुसरं काही सुचेना म्हणून, एकतीस मृत्यू महिन्यांप्रमाणे मांडले.

मे महिन्यात एकही नव्हता. पाच वर्षांतल्या पाचही मे महिन्यांत शून्य.

मग मी कॅलेंडरं मागून घेतली. गणपतीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा, तिथेही पाचही वर्षं शून्य. मी गणित केलं. निव्वळ योगायोगानं असं शंभरातून एक-दोनदा घडू शकतं. घडतही असेल. पण मला आणखी एक आठवलं.

"रेडेकर," मी आत हाक मारली, "काजूचा हंगाम कधी असतो?"

"मार्च ते मे. मेमध्ये युनिट दोन पाळ्यांत चालतंय. धुरानं गल्ली दिसत नाही."

"आणि मे महिन्यात गावात आणखी काय असतं?"

"आंबे, फणस, पाव्हणे."

"पाव्हणे कुठले?"

"मुंबईचे. आपापली घरं उघडून राहतात महिनाभर."

"आणि गणपतीतही तेच."

"तेच."

"म्हणजे घरमालक आले की आंबोळ्यात कॅन्सरनं कुणी मरत नाही."

"पाव्हण्यांच्या समोर मरणं बरं दिसत नाही, बाई," रेडेकर म्हणाले. चेहरा अगदी सरकारी होता, पण कान लाल झाले होते.

मी रजिस्टर मिटलं. "माझा बाण चुकलाय, रेडेकर. धुराचा संबंध असता तर मेमध्ये शून्य आलं नसतं. पण खरं काय ते मला कळत नाहीये. आणि ते कळलं नाही तर सोमवारी युनिट बंद होईल."

त्यांनी रजिस्टर पिशवीत टाकलं. मग खुंटीवरची टोपी घेतली. "आता कसं बोललासा! चला, इंदूआक्काकडं."

"हे सकाळी का नाही सांगितलं?"

"तुम्ही सकाळी विचारत नव्हता, सांगत होता. आणि मला शपथ घातलीय. मी कुणाला काही सांगायचं नाही. पण नेऊन सोडायचं नाही असं शपथेत नव्हतं."

आम्ही सत्तावन्न नंबरच्या परसातून आत गेलो. मागचं दार उघडंच होतं. चुलीवर पाण्याचं मोठं पातेलं, आणि पातेल्यापाशी शालन.

"आलं मांजर," मी म्हणाले.

तिच्या हातातला तांब्या खाली पडला. "रेडेकर, तुमच्या जिभंला काय हाड हाय का?"

"मी एक शब्द बोललो नाही," रेडेकर म्हणाले. "त्यांनी मे महिना मोजला."

घर स्वच्छ होतं. सारवलेली जमीन, देवापुढे दिवा, दोन खोल्यांत मिळून तीन खाटा. दोन रिकाम्या. तिसऱ्या खाटेवर उशांना टेकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते, गळ्याला पांढरी पट्टी बांधलेली. शेजारी स्टुलावर पिकल्या केसांची, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई गोळ्या मोजत होती. हीच इंदुमती देसाई, इंदूआक्का. मुंबईच्या एका कॅन्सर वॉर्डात तीस वर्षं नर्स होती. त्याच्या सहा वर्षं आधी निवृत्त होऊन गावी आली होती. काजू युनिट सुरू झालं त्याच पावसाळ्यात. आलेखावर त्या एका जागी दोन बाण मावले असते. मी एकच शोधला होता.

"बसा," इंदूआक्का म्हणाली. "चहा घेणार की आधी आमचाही नमुना घेणार?"

मी बसले.

तिनं सांगितलं ते असं. पहिल्या वर्षी वरच्या वाडीतला एक माणूस दुखण्यानं रात्रंदिवस ओरडायचा. ती रोज डोंगर चढून जायची. मग दुसऱ्या गावातून बोलावणं आलं, मग तिसऱ्या. तिचे गुडघे गेले. ती म्हणाली, मला चढवत नाही, तुम्ही या. लोक आले. पण तिचं घर दोन खोल्यांचं. शेजारचं घर वर्षाचे दहा महिने रिकामं.

"किल्ल्या माझ्याकडंच असतात, अकरा घरांच्या," ती म्हणाली. "झाडायला आणि देवाला दिवा लावायला दिल्यात. मी झाडते. दिवाही लावते. मधल्या वेळात घर रिकामंच की. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच देते हं, ते महिन्यातून एकदा येऊन बघून जातात. त्यात लबाडी नाही. लबाडी फक्त घरांची."

"मालकांना माहीत नाही?"

"माहीत असतं तर लबाडी कशाला म्हणाले असते?"

"मे महिन्यात आमची उन्हाळी सुट्टी असते," खाटेवरचे गृहस्थ हळू, घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आणि गणपतीची. गोळ्यांची पुडी बांधून सगळ्यांना घरी पाठवतात. मी नार्वेकर. सावरवाडीच्या शाळेत तेहतीस वर्षं मास्तर होतो, पण एवढी शिस्त मलाही जमली नाही."

मी वहीत भराभरा आकडे मांडले. सगळं जुळत होतं. मी इतकी खूश झाले की बोलूनच गेले, "मग प्रश्न सुटला! सोमवारी हे सांगितलं की युनिट वाचलं."

इंदूआक्कानं मोजलेल्या गोळ्या डबीत टाकल्या. चुलीवरचं पाणी उकळत होतं.

"सांगा," इंदूआक्का म्हणाली. "पेपरात येईल. मुंबईला वाचतील. मग तानाजी म्हणेल, माझ्या घरात परकी पाच माणसं गेली, आता त्या घरात मी पोराचा साखरपुडा कसा करू? चूक नाही त्याची. तो किल्ली परत मागेल. त्याच्या मागून बाकीचे दहा."

"पण नाही सांगितलं तर..." मी शालनकडे वळले. "तुमचं काम जाईल. तुम्हाला हे सगळं माहीत होतं?"

"माहीत म्हंजे? पाळ्या लावल्यात आमी. बत्तीसजनी. आज पानी आनि भात माझा."

"मग नोटीस आल्यावर एकीनंही तोंड का उघडलं नाही?"

शालननं पातेलं उतरवलं, पदरानं हात पुसले. "युनिट गेलं तर सरकारासंगं भांडू. ह्ये गेलं तर कुनासंगं भांडायचं?"

मी वही पुन्हा वरून वाचायला लागले. एकतीस नावं, एकतीस घरक्रमांक. मृत्यूचं ठिकाण. ठिकाण. आणि मग मला माझी चूक दिसली. इतकी साधी, की परीक्षेत केली असती तर सरांनी वही फेकून दिली असती. वर मी एकतीस मांडले होते ते आंबोळ्यात मेलेल्यांचे, आणि खाली भागत होते आंबोळ्यात राहणाऱ्यांनी.

"रेडेकर, रजिस्टरात कायमचा पत्ता लिहिता?"

"रकाना आहे तर लिहिणारच. नववा."

"मला जिल्ह्याहून आलेल्या यादीत तो नव्हता. म्हणून रजिस्टरातही घरक्रमांकापुढे मी पाहिलंच नाही."

"त्यांच्या कॉम्प्युटरात एकाच पत्त्याला जागा आहे म्हणे. मी तीनदा पत्र लिहिलं." रेडेकरांनी पिशवीतून रजिस्टर काढलं.

आम्ही खाटेभोवती बसलो. रेडेकर नववा रकाना वाचत, नार्वेकर गुरुजी ते गाव कुठल्या फाट्यावर येतं ते सांगत, आणि मी त्या त्या गावापुढे एक रेघ मारत असे. प्रत्येक नावाला इंदूआक्का काहीतरी म्हणायची. हिला भजनं लागायची. हा शेवटपर्यंत पत्ते खेळताना लबाडी करायचा. तासाभरात सत्तावीस माणसं आपापल्या गावी परत गेली. आंबोळ्यात चार उरली.

"चार म्हणजे किती?" रेडेकरांनी विचारलं.

"दर लाखी सत्तर. देशाचा साठ. चार माणसांत एवढं इकडंतिकडं चालतं. आणि घर कुणाचं, हा रकाना माझ्या तक्त्यात नाहीच."

शालन चुलीकडे तोंड फिरवून उगाचच लाकडं सारखी करायला लागली.

"आणि मला कुठे मांडणार?" गुरुजींनी विचारलं.

"तुम्हाला कशाला मांडू? तुम्ही आहात की."

"फार दिवस नाही. मास्तर आहे, मला हजेरीपटावर आधी नाव लागतं."

मी इंदूआक्काकडे पाहिलं. तिनं मला थांबवलं नाही.

"नेहमीचा रहिवास धरायचा," मी म्हणाले. "जनगणनेत धरतात तसा. सहा महिने जिथे राहिलात ते गाव."

"मी आलो गणपती झाल्यावर. पंधरा सप्टेंबर. आज?"

"सतरा जानेवारी. चार महिने दोन दिवस."

"मग पंधरा मार्चपर्यंत काढायला हवेत."

"गुरुजी, नका हो! आंबोळ्याचा दर वाढेल."

"एकट्या माझ्यानं? कितीनं?"

मी भागाकार केला. "साडेसतरानं."

"ऐकलं का आक्का? माझी किंमत साडेसतरा." ते हसले आणि हसण्यानं त्यांना ठसका लागला. तो थांबेपर्यंत इंदूआक्का त्यांची पाठ धरून राहिली.

"सावरवाडीत तेहतीस वर्षं काढलीत," मी म्हणाले. "तिथलंच नाव लागलं तर काय वाईट?"

"काही नाही. तिथं घर आहे, सून आहे, चांगली आहे." त्यांनी उशीवर डोकं टेकलं. "पण इथं मला झोप लागते."

सोमवारी आरोग्य अधिकाऱ्यांसमोर मी दोन तक्ते ठेवले, मृत्यूच्या ठिकाणाप्रमाणे आणि रहिवासाप्रमाणे. पहिल्याखाली लिहिलं होतं: ही चूक माझी. अधिकाऱ्यांनी दुसऱ्या तक्त्यावरून बोट फिरवलं. आजूबाजूची सोळा गावं, जी आतापर्यंत हेवा वाटावा इतकी खाली होती, ती जवळजवळ सगळी पन्नास-साठावर येऊन बसली होती.

"म्हणजे तिकडची हवा चांगली नाही?" आमच्या साहेबांनी हळूच विचारलं.

"हवा चांगलीच आहे, सर. तिथली माणसं मरायला आंबोळ्यात यायची."

"का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"तिथे एक निवृत्त सिस्टर आहेत. त्या काळजी घेतात."

"आणि हे लोक राहतात कुठे?"

"घरांत, साहेब."

"कुणाच्या?"

"घरमालकांचा तक्ता माझ्याकडे नाही. मी फक्त कॅन्सरचे तक्ते करते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मागच्या बाकावर रेडेकर छताचा पंखा फार लक्ष देऊन पाहत होते. मग अधिकाऱ्यांनी नोटिशीवर काहीतरी लिहिलं. युनिटनं धुराडं पंधरा फुटांनी उंच करावं, काम सुरू ठेवायला हरकत नाही.

त्यानंतर मी आंबोळ्याला गेले नाही. कामं होती, दुसरे तालुके होते. मार्चच्या मध्यावर एकदा फोन करावासा वाटला, पण काय विचारायचं ते ठरेना.

मार्च संपता संपता रेडेकरांचाच फोन आला.

"चौगुलेबाई, एक नोंद आहे. तुम्हाला विचारून करावी म्हटलं."

"बोला."

"नार्वेकर गुरुजी. सव्वीस मार्च. झोपेतच. कायमच्या पत्त्यात सावरवाडी लिहिलंय, तो रकाना खोटा लिहायचा नाही मला. पण रहिवासाचं तुमचं ते सहा महिन्यांचं काय ते, ते मला नीट कळत नाही."

रेडेकरांना न कळणारा नियम मी तोवर पाहिला नव्हता. तरी मी कॅलेंडर काढलं आणि बोट ठेवून मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं.

"सहा महिने अकरा दिवस," मी म्हणाले. "आंबोळे लिहा."

"दर वाढंल."

"वाढेल."

वर्षाअखेरीच्या तक्त्यात आंबोळे देशाच्या रेषेच्या चांगलंच वर गेलं. साहेबांनी त्या आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल काढून शेजारी प्रश्नचिन्ह केलं. मी खाली लिहिलं: तपासलं आहे. नोंद बरोबर आहे.